वीस पावलांवरचा वायरलेस मास्तर

वीस पावलांच्या आत त्या माणसाने मला कधी येऊ दिलं नाही. सहा वर्षं मी त्याला माल विकला. माल बांधावर ठेवायचा, मागे सरायचं, मग त्याने पुढे येऊन उचलायचा, अशी आमची रीत होती. बोलणं सगळं ओरडून. खाडीवरचा वारा उलटा असला की एकेक गोष्ट तीनदा सांगावी लागे.

"खिशात काय आहे?" तो ओरडायचा.

"काय नाय, मास्तर!"

"चाव्या?"

"चाव्या बी नाय!"

"मग काटा का हलतोय?"

"मना काय ठावं! वाऱ्याने हालत असंल!"

"पेटीला काच आहे. वारा आत जात नाही. अजून पाच पावलं मागे!"

आणि मी, ज्याने पनवेलच्या बाजारात भल्याभल्यांना घाम फोडला, तो निमूट पाच पावलं मागे जायचो. मागे चिखल असला तरी.

आज ज्याला नवी मुंबई म्हणतात त्याच्या दक्षिणेला, जासईच्या पलीकडे, खाडीकाठी आमचं गाव होतं. भात, मिठागर, आणि राहिलेल्या वेळात मासळी. मला तिन्हींत रस नव्हता. मी भंगारात उतरलो. महायुद्ध संपल्यावर लष्कराने टाकून दिलेला माल तेव्हा ढिगाने निघायचा. पत्रे, साखळ्या, गंजलेली यंत्रं, होकायंत्रं, तारांची भेंडोळी. लोकांना त्यात कचरा दिसायचा, मला दुकान दिसायचं. वडिलांनी मला काही ठेवलं नव्हतं. जे केलं ते जिभेवर केलं, आणि ती जीभ गरम होती हे मी नाकारत नाही.

मास्तर घाटावरचा. ब्रह्मदेशात लढाईच्या वेळी फौजेत वायरलेसवर होता, म्हणून गाव त्याला 'वायरलेस मास्तर' म्हणे. आमच्याकडे तो का आला ते नीट कोणाला ठाऊक नव्हतं. पेन्शन घेऊन आला आणि खाडीच्या एका चिंचोळ्या फाट्यावर, बांधाला लागून असलेल्या मिठाच्या रिकाम्या कोठीत राहू लागला. गावातले दोन-चार रेडिओ दुरुस्त करून द्यायचा. त्याबद्दल लोक त्याला मासळी द्यायचे. पन्नाशीचा, काटकुळा, कायम मान खांद्यात घातलेला, जणू कोणी वरून टपली मारणार आहे.

त्याच्या अंगावर लोखंडाचा कण नसे. बटणं पितळेची. वहाणेला खिळे नाहीत, चामड्याच्या वादीने शिवलेली. चष्म्याची काडी मोडली तेव्हा तारेऐवजी दोरा बांधला. कोठीच्या दाराच्या बिजागऱ्या काढून त्याने काथ्याने दार बांधलं होतं. भाजी तो शिंपल्याने कापायचा. पहिल्या दिवशी कोळणीने त्याला कोयत्याने मासळी साफ करून द्यायला घेतली तर हा पळत सुटला. ती बिचारी कोयता हातात घेऊन मागे, "अवं मास्तर, पैसं नको, पैसं नको!"

हे सगळं त्या पेटीसाठी.

पेटी सागवानी, हार्मोनियमच्या निम्म्याएवढी. आत काचेखाली रेशमाच्या दोऱ्याला टांगलेली चुंबकाची सुई. सुईभोवती तांब्याच्या तारेचं कडं. सुई जागची हलून कड्याला टेकली की टॉर्चच्या सेलची वीज घंटीत जायची आणि घंटी वाजायची. अशा दोन पेट्या त्याने केल्या होत्या. एक बसती. ती बांधावर दगडी कट्ट्यात असे, आणि तिच्यापासून लांब तारेने जोडलेलं एक घड्याळ कोठीत होतं. घंटी वाजली की घड्याळ थांबायचं, म्हणजे मास्तर जागेवर नसला तरी वेळ कळायची. दुसरी फिरती. ती गळ्यात पट्टा घालून तो सगळीकडे न्यायचा आणि घंटी पाठीवरच्या पिशवीत ठेवायचा. सुई डुचमळू नये म्हणून डोक्यावर भरलेली घागर असल्यासारखा चालायचा. दहा पावलं चालायचा, थांबायचा, सुई स्थिर झाली की पुढची दहा. कोठीपासून गावापर्यंत यायला त्याला अर्धा दिवस लागे.

मी त्याला पहिल्यांदा विचारलं, "मास्तर, ह्याच्यात काय गावतं?"

"वरचे."

"वरचं म्हंजे? देव?"

"देव असते तर पेटी कशाला केली असती?"

त्या काळात पेपरात उडत्या तबकड्यांच्या बातम्या यायच्या. मी शहाणपणा करून तो शब्द वापरला, तर तो चिडला. "तबकडी जेवायला असते. ते काय आहे ते मला माहीत नाही, तुम्हाला माहीत नाही, पेपरवाल्याला तर मुळीच नाही. मी फक्त 'ते' म्हणतो."

तेव्हा मला वाटलं, माणूस हौशी आहे, काहीतरी बघायची आस लागलीय. तसं नव्हतं. त्याला काहीही बघायचं नव्हतं. तो भ्यालेला होता. भीतीत एवढा नेटका, एवढा कामसू माणूस मी दुसरा पाहिला नाही. कोणी घाबरलं तर देवळात जातं, दारू पितं, बायकोवर ओरडतं. हा सुई टांगायचा.

ब्रह्मदेशातली गोष्ट त्याने मला एकदाच सांगितली, तीही ओरडून, कारण मी वीस पावलांवर होतो. एका नदीतून ते सहा जण लाँचने चालले होते. भर दुपार. लाँचवरचं होकायंत्र अचानक गरगर फिरायला लागलं. मग झाडांच्या शेंड्यांवर एक उजेड दिसला. उन्हातसुद्धा दिसावा असा उजेड, लाँचच्या बरोबरीने चाललेला. इंजिन बंद पडलं. त्यांच्यातल्या दोघांनी भीतीने नदीत उड्या टाकल्या. त्यांना पोहता येत होतं, तरी वर आले नाहीत.

"होकायंत्र आधी फिरलं!" मास्तर वाऱ्यावर ओरडत होता. "उजेड दिसायच्या आधी अर्धं मिनिट! कोणी तिकडे बघत असतं तर लाँच काठाला लावली असती! अर्धं मिनिट पुष्कळ असतं!"

त्या अर्ध्या मिनिटासाठी त्याचा सगळा संसार होता. बांधाखाली मिठागरात पाणी घ्यायची जुनी दगडी मोरी होती. घंटी वाजली की त्या मोरीत शिरायचं, हे त्याने ठरवून ठेवलं होतं. आत एक चटई, पाण्याचा तांब्या, पितळेच्या डब्यात चणे. सराव करायचा तो. कोठीपासून मोरीपर्यंत किती श्वास लागतात ते त्याने मोजलं होतं.

आणि हा माणूस माझ्याशी भाव करत नसे. तेही मला खुपायचं. मी होकायंत्राचं दुप्पट सांगितलं, तो द्यायचा. तिप्पट सांगितलं, तो द्यायचा. मी एकदा संतापून म्हटलं, "अवं, कमी करा म्हना की! मानसाला काय चव राहील?" तो म्हणाला, "तुम्हाला वस्तूची किंमत ठाऊक नाही आणि मला ठाऊक आहे. भांडायचं कशाला?" ह्याचा राग मला पुढे कित्येक दिवस होता.

पहिली चार वर्षं बसत्या पेटीची घंटी एकदाही वाजली नाही. मग मी मचवा घेतला.

मचव्यातून भंगार मुंबईला न्यायचं तर बंदरावरच्या नाक्यावर माल दाखवून परवाना दाखवावा लागे. परवाना माझ्याकडे होता, पण तो थोड्या मालाचा, आणि मी नेत होतो पुष्कळ. म्हणून मी नाका टाळायचो. मास्तराच्या कोठीपुढून जाणारा खाडीचा फाटा नाक्याला वळसा घालून मोठ्या पाण्यात निघतो. फाटा उथळ. भरल्या मचव्याला तिथे पाणी पुरायचं ते फक्त उधाणाला, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या भरतीला. आणि आमच्याकडे अमावास्या-पौर्णिमेची भरती चढते ती भर दुपारी, बारा-साडेबाराच्या सुमाराला. नाक्यावरची माणसं तेव्हा जेवून लवंडलेली असत. माझा तांडेल, म्हणजे मचवा हाकणारा, माझा मेहुणाच होता. आम्ही दोघे आणि दोन खलाशी. शिडाचा आवाज नाही, बोलणं नाही, नुसता वल्ह्यांचा.

तिसऱ्या की चौथ्या खेपेला आम्ही बांधाला घासून चाललो होतो. एवढ्यात वर घंटी खणखणली. आणि कोठीतून मास्तर निघाला तो हात डोक्यावर धरून, वाकून, आणि मोरीत असा घुसला की मेहुण्याच्या हातचं वल्हं हसता हसता पाण्यात पडलं.

"दाजी," तो म्हणाला, "मास्तर आपल्यालाच भ्यायला वं."

पंधरा खंडी लोखंड सुईच्या दहा हातांवरून जात होतं. सुई हलणार नाही तर काय?

मी त्याला सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. सांगितलं असतं तर त्याने वहीत लिहिलं असतं, 'भंगाराचा मचवा'. तो सगळं लिहायचा. पितळी टाकाने, तिथी, वेळ, सुई कुठल्या बाजूला गेली. ती वही कोणी वाचली असती तर? म्हणून मी गप्प बसलो, आणि मेहुण्यालाही बसवलं.

पण त्याची किंमत मला दिसत होती. दर अमावास्या-पौर्णिमेला, टळटळीत दुपारी, घंटी. मास्तराचा चेहरा महिन्यागणिक उतरत गेला. चार वर्षं त्याला वाटत होतं, आपण भितो खरे पण इथे काही नाही. आता त्याला कळलं की ते येतात, आणि ठरवून येतात. तो मला ओरडून सांगायचा, "तिथी पाळतात! त्यांना आपली तिथी कळते!" हे त्याने गावातही सांगितलं. आमच्या गावात अमावास्येची दुपार आधीच चांगली समजत नसत. बायकांनी त्या वेळेला मिठागरावर जाणं सोडलं. पोरांना घरात कोंडायला लागले. माझी स्वतःची बायको दुपारी सुकी मासळी उचलायला अंगणात जाईना. मी म्हटलं, "काय नाय गं तिथं." ती म्हणाली, "तुमाला काय ठावं, तुमी तं गावात नसताव त्या दिवशी." मी नसायचो, खरंच. मी मचव्यात असायचो.

मग पाकिस्तानशी लढाई सुरू झाली.

आमच्या बाजूला तेव्हा काय भीतीचं वातावरण होतं ते आताच्या माणसाला सांगून कळणार नाही. कंदिलांना काळे कागद. रोज नवी आवई. कोणी म्हणे छत्रीतून माणसं उतरली, कोणी म्हणे खाडीत पाणबुडी आहे. अनोळखी भटका दिसला की लोक काठ्या घेऊन मागे लागत. मी दोन पौर्णिमा-अमावास्या मचवा हलवला नसता तर शहाणा ठरलो असतो. पण गोदीवरच्या गिऱ्हाइकाला शब्द दिला होता. अनंत चतुर्दशीला गणपती गेले आणि दुसऱ्या दिवशी, पौर्णिमेला, भर दुपारी, मी फाट्यातून निघालो.

मास्तर त्या वेळी फिरती पेटी गळ्यात घेऊन बांधावर उभा होता. दोन्ही घंट्या एकदम वाजल्या. ह्या वेळी मात्र तो मोरीत गेला नाही. काय डोक्यात आलं कोण जाणे, लढाईचे दिवस, गाव उघड्यावर, त्याला वाटलं असेल आपण एकट्याने कसं लपायचं. तो गावाकडे पळाला. पेटी गळ्यात असताना सहा वर्षांत पहिल्यांदा पळाला. पाठीवर घंटी खणखणतेय, गळ्यात तारांची पेटी, आणि हा ओरडतोय, "आत व्हा! आले! आत व्हा!"

गावाने कोयते घेतले. त्याला मध्ये घेरलं. कोयते जवळ आले तशी घंटी आणखी वाजायला लागली आणि मास्तर किंचाळला, "मागे! वीस पावलं मागे व्हा!" लोकांना वाटलं पेटीत बॉम्ब आहे. सगळे मागे पळाले. मग कोणीतरी लांबून दगड मारला, तो कपाळाला लागला, तो खाली बसला, आणि मग त्यांनी त्याला धरला.

हे मी पाहिलं नाही. मी तोवर मोठ्या पाण्यात होतो. दुसऱ्या दिवशी परतलो तर घरापुढे शिपाई. मी आल्या पावली वळणार होतो. पण शिपाई नमस्कार करून म्हणाला, "फौजदारसाहेबांनी बोलावलंय. पंचनामा करायचाय. गावातले दोन प्रतिष्ठित पंच पाहिजेत. एक पोलीस पाटील, एक तुम्ही."

चावडीत अख्खा गाव. मास्तर कोपऱ्यात, हात काथ्याने बांधलेले, डोळा सुजलेला. मला त्याने पाहिलं आणि ओळख दाखवली नाही. फौजदार वऱ्हाडातला, नुकताच बदलून आलेला, तापट. टेबलावर दोन्ही पेट्या आणि ती वही.

"हे सामान लष्करी आहे," फौजदार मला म्हणाला. "कुठून आणलं विचारलं तर म्हणतो, बाजारातून. रात्रभर विचारतोय. दुकानदाराचं नाव काही सांगत नाही."

तो दुकानदार त्याच्यासमोर बसला होता. मी घाम पुसला.

मग फौजदाराने वही उघडली आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली, पंचांनी ऐकावं म्हणून. कार्तिक पौर्णिमा, दुपारी बारा वाजून दहा. कार्तिक अमावास्या, बारा वाजून पंचवीस. मार्गशीर्ष पौर्णिमा. पौष अमावास्या. माझी एकेक खेप, वेळेसकट. मेहुणा दाराशी उभा होता. त्याचा चेहरा राखेसारखा झाला.

"बघितलंत?" फौजदार म्हणाला. "पंधरा-पंधरा दिवसांनी, ठरल्या वेळी. ह्याला सिग्नल म्हणतात. आज ह्याला अलिबागला नेतो. लढाईच्या दिवसांत हेराचं काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. करा सही."

मास्तर कोपऱ्यातून म्हणाला, "सिग्नल मी देत नाही. ते येतात."

"कोण येतात?"

"ते मला माहीत नाही."

फौजदाराने उठून त्याच्या कानाखाली मारली. चष्मा खाली पडला, दोरा तुटला.

मी सद्गुणी माणूस नाही. सही करून घरी जायचा माझा पूर्ण विचार होता, लेखणी हातात होती. पण दुसऱ्या कोणी माझ्या गिऱ्हाइकावर हात टाकलेला मला चालत नाही. माझं डोकं फिरलं.

"कसला सिग्नल घेऊन बसलाव?" मी ओरडलो. "भंगार हाय त्यो! माझा मचवा हाय!"

आता माघार नव्हती. मी सगळं सांगितलं. फाटा, नाका, उधाण, लोखंड. फौजदाराचा विश्वास बसेना, म्हणून मी मेहुण्याला पाठवून मचव्याचा नांगर आणवला. दोघांनी तो नांगर पेटीजवळून नेला. घंटी वाजली. परत नेला, परत वाजली. पोलीस पाटील कपाळावर हात मारून म्हणाला, "अरे देवा. दोन वर्सं बायको दुपारची पान्याला जाईना, ती ह्याच्यापायी!" कोणी हसलं. मी मास्तराकडे बघितलं. तो हसत नव्हता. फौजदाराने मारलं तेव्हा त्याचा चेहरा बदलला नव्हता, आता बदलला.

"आता एकेक नोंद सांगा," फौजदार मला म्हणाला. "सगळ्या तुमच्या निघाल्या तर ह्याला सोडतो. एक जरी शिल्लक राहिली तर हाही अलिबागला आणि तुम्हीही."

तो वाचत गेला, मी होकार देत गेलो. सगळ्या माझ्या होत्या. मग त्याने एक पान उलटलं.

"वैशाख वद्य अष्टमी. दुपारी बारा वाजून चाळीस. पुढे काहीतरी लिहिलंय. कड्याची तार तुटली. दोऱ्याला पीळ अकरा."

अष्टमी.

घाटावरच्या आणि वऱ्हाडातल्या वाचकासाठी सांगतो. अष्टमीला उधाण नसतं, त्याच्या उलट असतं. भरती सकाळ-संध्याकाळी, तीही अंगचोर. अष्टमीच्या दुपारी फाट्यात पाणीच नसतं. नुसता चिखल, ह्या काठापासून त्या काठापर्यंत. मचवा सोडा, होडकं जाणार नाही. हे आमच्याकडे चार वर्षांच्या पोराला कळतं. चावडीतल्या प्रत्येक माणसाला कळलं. आणि लोखंडाने सुई हलते, टेकते. ती अकरा वेळा गरगरत नाही.

"ही?" फौजदाराने विचारलं. "हीसुद्धा तुमचीच?"

त्याला भरती-ओहोटी ठाऊक नव्हती. बाकी सगळ्यांना होती. पोलीस पाटलाने मान खाली घातली. दारातल्या एका म्हातारीने पदर तोंडात धरला. मी आयुष्यात पुष्कळ खोटं बोललो आहे, पण सत्तर माणसांना ठाऊक असलेलं खोटं एकदाच.

"माझीच," मी म्हटलं. "ती बी माझीच."

"खोटं आहे," मास्तर म्हणाला. हळू, पण ऐकू येईल असं.

फौजदार हसला. "ह्याला सुटायचंसुद्धा कळत नाही," म्हणाला, आणि वही मिटली.

मास्तर सुटला. माझा मचवा जप्त झाला, परवाना रद्द झाला. गावाने वर्षभर मला 'अमावास्या शेठ' म्हणून चिडवलं. पण अष्टमीचा विषय कोणी काढला नाही. चिडवतानासुद्धा नाही. आणि अष्टमीच्या दुपारी मिठागरावर जायचं मात्र सगळ्यांनी सोडलं, न ठरवता.

दुसऱ्या दिवशी मास्तर माझ्या वखारीत आला. पेटी नव्हती. पत्रे, साखळ्या, इंजिनांचे सांगाडे, त्या सगळ्या लोखंडातून चालत तो माझ्यापर्यंत आला. हात लावता येईल इतका जवळ. त्याच्या भुवया पांढऱ्या झाल्यात हे मला तेव्हा दिसलं.

"तीस नोंदी होत्या," तो म्हणाला. "एकोणतीस तुम्ही नेल्यात. एक उरलीय. अष्टमीला तुमचा मचवा फाट्याच्या काठावर ओढलेला होता, डांबर लावायला. तुम्ही आणि तुमचा मेहुणा तिथे होतात. मी मोरीत होतो, मी पाहिलं नाही. वर काय होतं?"

मी त्याच्यासाठी काय घालवलं होतं ते त्याला ठाऊक होतं. त्याबद्दल एक अक्षर नाही. दोन वर्षं फसवलंत, असं म्हणाला असता तरी मला चाललं असतं, मी भांडलो असतो. तेही नाही.

"आधी एक सांगा, मास्तर," मी म्हटलं. "मी तुमाला वाचवलं का नाय?"

"वर काय होतं?"

"वाचवलं का नाय? तेवढं म्हना, मंग सांगतो."

आयुष्यात पहिल्यांदा तो माझ्याशी घासाघीस करत होता, आणि ती त्याला येत नव्हती. तो नुसता उभा राहिला. मीही उभा राहिलो. मला वाटलं, म्हणेल. कोणीही म्हणालं असतं.

"ठीक आहे," तो म्हणाला आणि वळला.

"काय नवतं वर!" मी मागून ओरडलो. "तुमची पेटीच बिघडली व्हती!"

तो तसाच चालत गेला. चार दिवसांनी उरणजवळच्या मोरा बंदराच्या धक्क्यावरून लाँचने गेला म्हणतात. पुढे कुठे गेला, कसा गेला, कळलं नाही. कोठी नंतर पडली. मिठागरं बुजली, फाटा बुजला, आता तिथे कंटेनरचे डोंगर आहेत. एवढं लोखंड की त्याची सुई वेडी झाली असती. मी खारघरला मुलाकडे असतो, बाराव्या मजल्यावर. दुपारी पडदे ओढून बसतो. सून म्हणते, बाबा, उन्हाचा त्रास होतो का? मी हो म्हणतो.

माझं गाऱ्हाणं खरं आहे. मचवा गेला आणि उपकार झाले असंसुद्धा कोणी म्हटलं नाही. पण इतकी वर्षं मी लोकांना सांगत आलो की त्याने उपकाराचा शब्द काढला नाही म्हणून मी सांगितलं नाही, ते पूर्ण खरं नाही. त्याने तो शब्द काढला असता तरी माझ्यापाशी द्यायला काही नव्हतं.

त्या दिवशी मी आणि मेहुणा मचव्याच्या बुडाला डांबर लावत होतो. समोर चिखलावर निवट्या, म्हणजे चिखलात राहणारी बोटभर मासळी, उड्या मारत होत्या, शेकड्यांनी, ओहोटीला नेहमी असतात तशा. एकदम सगळ्या बिळात गेल्या. सगळ्या. चिखल पाटीसारखा कोरा झाला. मग बांधावर मास्तराची घंटी वाजली, आणि लगेच तुटल्यासारखी थांबली. मेहुण्याने माझ्याकडे बघितलं. समोरच्या चिखलावर एक सावली होती, गोल, देवळाच्या सभामंडपाएवढी. बारा वाजून गेलेले, ऊन डोक्यावर, म्हणजे जे काही होतं ते सरळ वर होतं. सावली हळूहळू आमच्याकडे सरकली. डांबराच्या डब्यावर आली, माझ्या हातांवर आली. हातांना गार लागलं. मेहुणा डोळे मिटून ब्रश चालवत होता, कोरड्याच लाकडावर. मीही तेच केलं. किती वेळ ते सांगता येणार नाही. मग पाठीला परत ऊन लागलं.

वर काय होतं, असं त्याने विचारलं होतं. मला ठाऊक नाही. मी वर पाहिलंच नाही.